आधी धावू द्या, मग रुंद करा

तेल्हाऱ्याच्या माणसानं शकुंतला रेल्वेसाठी का बोलावं, असं मला अंजनगावच्या एका मित्रानं विचारलं. प्रश्न रास्त आहे. शकुंतला तेल्हाऱ्यावरून कधी गेली नाही. ती मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जायची. आमच्या तालुक्याची गाडी वेगळी होती. अकोला–खंडवा मीटरगेज अडगाव बुजरूक आणि हिवरखेडवरून पुढे मेळघाटात शिरायची. धूळघाटाजवळ तिचा रूळ गोल फिरून स्वतःलाच ओलांडायचा, आणि तो वळसा पाहायला खिडकीशी डोक्यांची दाटी व्हायची. याच रुळांवरून काचीगुडा–जयपूर मीनाक्षी एक्स्प्रेस धावत असे. दक्षिणेतून राजस्थानात जाणारा प्रवासी हिवरखेडची संत्री आणि अकोटचा कापूस बघत जायचा.

जानेवारी २०१७ मध्ये ही मीटरगेज गाडी बंद झाली. ब्रॉडगेज करायची, काम लवकर होईल, असं सांगण्यात आलं. अकोला ते अकोट हे अंतर ४४ किलोमीटर. त्या तुकड्यावर पुन्हा प्रवासी गाडी सुरू व्हायला नोव्हेंबर २०२२ उजाडला. ४४ किलोमीटरला जवळजवळ सहा वर्षं. गाडी अकोटपर्यंत आली, पण तिथून पुढच्या अडगावला, हिवरखेडला त्या दिवशी फक्त बातमी पोचली. मेळघाटातून रूळ न्यावा की बाहेरून, यावर वाद झाला. राज्य सरकारनं बाहेरून नेण्याची मागणी केली आणि हिवरखेड, सोनाळा, जामोद असा वळसा ठरला. वाघाच्या घरातून गाडी गेली नाही याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की हा वाद गाडी बंद करून मग झाला. आधी झाला असता तर रूळ निदान हिवरखेडपर्यंत चालू राहिले असते. जंगल तर त्याच्या पुढे सुरू होतं.

म्हणून मी शकुंतलेसाठी लिहितो. "सुधारणेसाठी तात्पुरती बंद" या शब्दांचा अनुभव आमच्या तालुक्याने घेतला आहे. तो अनुभव अचलपूर, पथ्रोट, अंजनगाव, दर्यापूरच्या लोकांना येऊ नये. पण त्यांना तो आला आहेच. यवतमाळची बाजू आधी थांबली, मग अचलपूरचीही. आता रुळांत बाभळी वाढल्या आहेत.

शकुंतला म्हणजे अडीच फुटी रुळावरची गाडी. मूर्तिजापूर–अचलपूर ७६ किलोमीटर, मूर्तिजापूर–यवतमाळ ११३. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि ती ही रेल्वे बांधायला लागली. पुलगाव–आर्वीचा ३५ किलोमीटरचा फाटाही त्याच कंपनीचा, आणि तो केव्हाच बंद पडला. गाडी चालवायचं काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वेकडे होतं. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारजमा होत गेल्या, पण या रुळांची मालकी कंपनीकडेच राहिली. गाड्या मध्य रेल्वे चालवणार आणि कराराप्रमाणे कंपनीला मोबदला मिळणार, अशी व्यवस्था. त्यामुळे भुसावळ मंडळातली ही एक अशी लाइन झाली, जिच्या देखभालीचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न दरवर्षी नव्यानं पडायचा. अनाथ पोराच्या शाळेच्या फीसारखा.

आता थोडं मागं जाऊ. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ पर्यंत जीआयपीची मुख्य लाइन अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. खामगावला, अमरावतीला कापसासाठीच फाटे काढले गेले. गावोगावी जिन उभे राहिले, प्रेस उभ्या राहिल्या, आणि कापसाच्या गाठी बैलगाडीतून मुख्य लाइनपर्यंत न्यायचा त्रास वाचवण्यासाठी शेवटी अडीच फुटी रूळ थेट कापसाच्या शेतापर्यंत आणला गेला. शकुंतला हे त्याचंच फळ. तिनं वऱ्हाडाचा कापूस मूर्तिजापूरला आणला, तिथून तो मुंबईला आणि पुढे बोटीनं इंग्लंडला गेला.

इंग्लंडहून परत काय आलं, तर एक इंजिन. झेडडी वर्गाचं वाफेचं इंजिन, १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं, १९२३ मध्ये शकुंतलेच्या रुळांवर आलेलं. १५ एप्रिल १९९४ पर्यंत ते धावलं. सत्तर वर्षं. मँचेस्टरला कापूस गेला आणि मँचेस्टरचं इंजिन आलं, हा हिशेब वऱ्हाडी शेतकऱ्याला कधी कोणी समजावून सांगितला नाही.

याच्याच बाजूला दुसरी तारीख ठेवून पाहा. ३ फेब्रुवारी १९२५. त्या दिवशी मुंबईत व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसी विजेवर. ती चालवणारी कंपनी कोणती? तीच जीआयपी. म्हणजे ज्या काळात जीआयपीनं मुंबईच्या चाकरमान्याला विजेची लोकल दिली, त्याच काळात वऱ्हाडाच्या शेतकऱ्याच्या वाट्याला तिनं कोळशाचं इंजिन दिलं. मुंबईची गर्दी मोठी होती, हे मान्य. पण शंभर वर्षांनंतरही हे अंतर तसंच राहावं, हे मान्य नाही. विजेचं म्हणाल तर पारसचं औष्णिक केंद्र आमच्याच जिल्ह्यात आहे. तिथली राख बाळापूर तालुक्यावर पडते.

मुंबईच्या त्या लोकलचं पुढे काय झालं, हे शकुंतलेच्या बाजूनं बोलणाऱ्यानं नीट वाचलं पाहिजे. गेल्या शंभर वर्षांत तिचे डबे अनेकदा बदलले, मोटारी बदलल्या, माटुंग्याच्या कारखान्यात डबे उघडून पुन्हा बांधले गेले. सगळ्यात मोठा बदल म्हणजे १५०० व्होल्ट डीसी काढून २५ हजार व्होल्ट एसी आणणं. तारा, सबस्टेशन, पुलांची उंची, गाड्यांची यंत्रणा, सगळं बदलायचं होतं. मग रेल्वेनं दोन्ही विजांवर चालणारे रेक आणले आणि एकेक तुकडा बदलत नेला. पश्चिम रेल्वेचं हे काम २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं २०१५ मध्ये आणि हार्बरचं एप्रिल २०१६ मध्ये संपलं. इतकी वर्षं चाललेल्या या कामात रात्रीचे ब्लॉक झाले, रविवारी लोकांची गैरसोय झाली, पण मुंबईची लोकल बंद पडली नाही. एका आठवड्यासाठी बंद ठेवू, असं म्हणायची कोणाची हिंमत झाली असती?

मुंबईत गाडी चालू ठेवून सुधारायची आणि वऱ्हाडात बंद करून. माझं सगळं भांडण एवढ्यासाठी आहे.

"ताशी वीस किलोमीटरच्या गाडीत बसणार कोण?" हा पहिला आक्षेप. तो खरा आहे. शेवटच्या वर्षांत शकुंतला सायकलवाल्याशी शर्यत लावायची आणि हरायची. गार्डच गाडीत तिकिटं विकायचा, फाटक आलं की गाडी थांबवून, उतरून, फाटक लावून पुन्हा चढायचा. या गोष्टी पेपरवाल्यांनी गमतीनं लिहिल्या, आणि आपणही गमतीनं वाचल्या. पण वेग का कमी झाला? रूळ झिजले, स्लीपर कुजले, आणि ते बदलायला पैसा ना कंपनीनं टाकला ना रेल्वेनं. आजारी माणसाला औषध न देता त्याच्या चालीवरून त्याचा न्याय करणं, ही आपल्याकडची जुनी सवय आहे. वेग कमी असतानाही दर्यापूर–अंजनगाव पट्ट्यातली शेतमजूर बाई, भाजीवाला, कॉलेजात जाणारी पोरगी त्या गाडीत बसत होती. कारण तिकीट परवडायचं, आणि एसटी त्यांच्या वेळेला यायची नाही.

गाडगेबाबांचं नाव घेतल्याशिवाय या लाइनची गोष्ट सांगता येत नाही. त्यांचा जन्म शेंडगावचा, अंजनगाव तालुक्यातला. लहानपण मामाच्या गावी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात. मूर्तिजापूरला त्यांनी उभारलेलं काम आजही आहे. शकुंतलेच्या दोन्ही टोकांना जणू त्यांचेच पाय लागलेले. आणि हा भाग तर सगळाच तसा आहे. कारंज्याला गुरुमंदिर, पलीकडे दारव्हा-मोतीबाग, लाडखेड, मग यवतमाळ. अचलपूरच्या बाजूला परतवाडा, तिथून चिखलदरा. लोक देवाला जातात, बाजाराला जातात, दवाखान्यात जातात, सोयरिकीला जातात. त्यासाठी गाडी हवी. सेल्फीसाठी नको.

सेल्फीचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. "शकुंतलेला वारसा जाहीर करा, दार्जिलिंगसारखी पर्यटनाची गाडी करा," असं सुचवणारे चांगल्या मनाचे लोक आहेत. दार्जिलिंग, निलगिरी, कालका–शिमला या तिन्ही गाड्यांना युनेस्कोचा मान मिळाला, तो योग्यच. पण तिथं डोंगर आहे, थंडी आहे, हॉटेलं आहेत. आमच्याकडे एप्रिलात पंचेचाळीस अंश आणि रुळाच्या दोन्ही बाजूंना तुरीच्या तुराट्या. पर्यटनाच्या भरवशावर शकुंतला टाकली तर ती वर्षातून दोनदा झेंडे लावून निघेल आणि उरलेले दिवस शेडमध्ये गंजेल. नागपूरला मोतीबागेत छोट्या रेल्वेचं संग्रहालय २००२ पासून आहे, चांगलं आहे, पोरांना अवश्य दाखवा. पण अचलपूरच्या माणसाला कॉलेजला पोचवायला संग्रहालय कामाचं नाही.

दूर ऑस्ट्रियात एक गाडी आहे, तिच्याकडे बघा. सांक्ट प्योल्टेन ते मारियात्सेल, ८४ किलोमीटर, डोंगरातली लाइन. तिचा रूळ ७६० मिलिमीटरचा, आपल्या शकुंतलेचा ७६२. दोन मिलिमीटरचा फरक. इकडे शकुंतलेचं बांधकाम चालू होतं त्याच सुमारास, १९११ मध्ये, त्या लाइनला वीज लागली. तेव्हाची विजेची इंजिनं पन्नास वर्षं चालली. मग ती भंगारात घालण्याऐवजी १९६० च्या सुमारास त्यांच्यावर नवी बॉडी चढवली गेली, आतली यंत्रं राखली गेली, आणि तीच इंजिनं २०१३ पर्यंत रोजच्या गाड्या ओढत राहिली. शंभर वर्षं! मध्यंतरी तिकडच्या सरकारी रेल्वेला ती लाइन नकोशी झाली होती. तेव्हा, २०१० मध्ये, त्या प्रांताच्या सरकारनं ती आपल्याकडे घेतली आणि २०१३ पासून नव्या विजेच्या गाड्यांचा ताफा आणला. नऊ गाड्या, हिमेल्सट्रेप्पे नावाच्या. जुन्या इंजिनांपैकी काही खास फेऱ्यांसाठी ठेवली, रोजची सेवा नव्या गाड्यांवर आली. तिकडेही "ही लाइन बंद करा" म्हणणारे होते. फरक एवढाच की तिथं जुनं काढायच्या आधी नवं दारात उभं होतं.

आपल्याकडे कारागीर नाहीत असं नाही. नेरळ–माथेरानची गाडी १९०७ ची, शकुंतलेपेक्षाही अरुंद रुळाची. २०१९ च्या पावसात तिचे रूळ वाहून गेले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती नेरळपासून पुन्हा सुरू झाली. मध्ये अमन लॉज ते माथेरान एवढा तुकडा चालू ठेवला होता. जे शक्य तेवढं चालवायचं, बाकीचं दुरुस्त करायचं. हे मध्य रेल्वेनंच केलं. शकुंतलाही मध्य रेल्वेचीच. तिच्यासाठी ही रीत का चालत नाही, हे भुसावळच्या आणि मुंबईच्या साहेबांनी सांगावं.

पाचोरा–जामनेरची गाडी आमच्या शेजारच्या खानदेशातली, हाच अडीच फुटी रूळ. करोनात थांबली आणि मग गेज बदलायचं ठरलं. जामनेरच्या लोकांनी अकोटच्या लोकांशी एकदा फोनवर बोलावं. बार्शी लाइनची गोष्ट तर अजून जुनी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये बार्शीला अडीच फुटी रूळ टाकून दाखवून दिलं की छोट्या रुळावरही जड माल चांगल्या वेगानं वाहता येतो. अडीच फुटी गाडी म्हणजे खेळण्यातली, असं ज्यांना वाटतं त्यांनी कॅलथ्रॉपचं नाव ऐकलेलं नसतं.

आता मुद्द्यावर येतो. ब्रॉडगेज नको, असं मी म्हणत नाही. अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ ब्रॉडगेज करण्याच्या घोषणा दहा वर्षांपासून ऐकतो आहे. झाली तर आनंद आहे. यवतमाळला तर वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या लाइनचा आधार मिळतो आहे, वर्धा ते कळंब फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पण त्यातूनच एक भीती निर्माण होते. यवतमाळला दुसरीकडून गाडी मिळाली की तिथला आवाज कमी होईल, आणि अचलपूरची ७६ किलोमीटरची बाजू एकटी पडेल. अचलपूरची फिनले मिल करोनापासून बंद, आता गाडीही बंद. ज्या गावातून गिरणी आणि गाडी दोन्ही गेली, त्या गावातून पोरंही जातात.

म्हणून आधी मूर्तिजापूर–अचलपूर. तिथं ब्रॉडगेज करायचीच असेल तर एकदम ७६ किलोमीटर खणू नका. मूर्तिजापूर ते दर्यापूर आधी करा. तो तुकडा चालू करा, मग अंजनगाव, मग अचलपूर. पुढचा तुकडा बंद करण्याआधी मागचा सुरू झालेला असला पाहिजे, आणि हे टेंडरमध्ये लिहिलेलं असलं पाहिजे. शिवाय मूर्तिजापूर मुख्य मार्गावर आहे, तिथं विजेची तार आहे. दर्यापूरपर्यंत ब्रॉडगेज झाली की त्याच तारेखाली मेमू थेट दर्यापूरहून अकोल्याला किंवा बडनेऱ्याला जाऊ शकते. मूर्तिजापूरला गाडी बदलायची नाही, ओझं डोक्यावर घेऊन पूल चढायचा नाही. मेमूचे डबे लोकलसारखे, दोन्ही टोकांना मोटार, इंजिन फिरवायची गरज नाही. छोट्या लाइनसाठी ही गाडी अगदी बरोबर आहे. कमी वेळात, कमी माणसांत जास्त फेऱ्या मारते.

आणि हे होईपर्यंत? होईपर्यंत जुने रूळ, जुने डबे दुरुस्त करून चालू ठेवा. स्लीपर बदला. वेग चाळीसवर आणा. डबे कुर्डुवाडीच्या कारखान्यात पाठवा. माथेरानच्या छोट्या डब्यांचं काम तिथल्या लोकांना माहीत आहे. नाहीच जमलं तर मूर्तिजापूर ते दर्यापूर एवढी तरी रोज धावू द्या. आणि जुन्या इंजिनांना, डब्यांना भंगारात घालण्याचा विचारही नको. १९२१ चं ते झेडडी इंजिन आणि शकुंतलेचे जुने डबे हा मूर्तिजापूरचा ठेवा आहे. ते शेडखाली, कोरडे आणि झाकलेले ठेवायला हवेत. ब्रॉडगेजच्या फलकावर गावाचं नाव येईल, पण त्या गावाला कापसानं इथवर कसं आणलं हे सांगणारं दुसरं काही उरणार नाही.

मालकीचा गुंता सोडवायला दिल्लीला जावं लागेल, हे मला माहीत आहे. कंपनी, करार, मोबदला, यात रेल्वे बोर्डापासून न्यायालयापर्यंत कागद फिरत राहतील. पण जमिनीवर अतिक्रमण व्हायला कागदाची गरज लागत नाही. गावाबाहेर रुळांवर आज गोठा, उद्या टपरी, परवा प्लॉट. एकदा जमीन गेली की ब्रॉडगेज करायला नव्यानं जमीन घ्यावी लागते, आणि जमीन घ्यायची म्हटलं की दहा वर्षं. रुळाची वाट मोकळी राहिली पाहिजे, ही पहिली लढाई आहे, आणि ती दिल्लीत होणार नाही, ती पथ्रोट आणि दर्यापूरच्या शिवारात व्हायची आहे.

आपण काय करावं, असं लोक विचारतात. अचलपुरात शकुंतलेसाठी सत्याग्रह झाला, ते लोक रस्त्यावर आले, त्यांना सलाम. पण सत्याग्रह एका दिवसाचा असतो आणि फाईल रोजची असते. रुळाच्या दोन्ही बाजूंच्या प्रत्येक गावानं ग्रामसभेत ठराव करावा: आमच्या शिवारातून जाणारी शकुंतलेची वाट मोकळी ठेवावी, गाडी सुरू करावी, आणि गेज बदलायचं तर तुकड्यातुकड्यानं, चालू गाडी ठेवून. ठरावाची एक प्रत भुसावळच्या मंडळ रेल्वे व्यवस्थापकाला, एक मध्य रेल्वेच्या महाव्यवस्थापकाला, एक अमरावतीच्या आणि अकोल्याच्या खासदाराला, एक आमदाराला. पोचपावती घ्या, पोचपावतीचा फोटो काढा आणि तो गावच्या ग्रुपवर टाका. दर तीन महिन्यांनी माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न विचारा: गेल्या तीन महिन्यांत या लाइनवर किती खर्च झाला? उत्तर "निरंक" आलं तर ते "निरंक" पेपरात छापून आणा.

शाळांनी एक काम करावं. आठवी-नववीच्या पोरांना आजी-आजोबांकडून शकुंतलेच्या गोष्टी लिहून आणायला सांगा. कोण कोणत्या स्टेशनवर चढायचं, किती तिकीट होतं, कापसाच्या गाठी कुठं उतरायच्या, गार्डाचं नाव काय होतं. गोष्टींच्या या वह्या ठरावासोबत जोडा. रेल्वेच्या माणसाला आकडे बघायची सवय असते, पण त्यालाही घरी आजी असते.

आणि तेल्हारा, अकोट, हिवरखेडच्या लोकांना माझं सांगणं वेगळं आहे. आपली गाडी दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड मंडळात मोडते, शकुंतला भुसावळच्या. म्हणून दोघांची निवेदनं वेगळ्या दारात जातात, वेगळ्या ढिगात पडतात. या वेळी आपण एकत्र बसू. अकोटला बैठक घ्या. अकोट हे मधलं गाव आहे, एका बाजूला अडगाव-हिवरखेड, दुसऱ्या बाजूला अंजनगाव. नांदेडला एक निवेदन, भुसावळला एक, दोन्हींत मागणी एकच ठेवा: पुढचा तुकडा बंद करण्याआधी मागचा चालू करा. बैठक पेरणीच्या आधी झाली पाहिजे. पेरणी लागली की आपल्याकडे कोणी बैठकीला येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि त्यांनाही.